चाळिसाचे एकोणचाळीस

४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

फोनवर मी ओरडते, तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही ‘हो हो, बरं बरं’ म्हणता. म्हणून लिहायला बसले. कागदाला ‘बरं बरं’ म्हणून वाटेला लावता येत नाही.

तुम्ही दुकानाच्या पायरीवर पडलात हे मला आठवडाभरानं कळलं, तेही वाणीकाकांकडून. त्यांचं किराण्याचं दुकान नेमकं समोर, म्हणून कुणाला दिसलात तरी. तुम्ही म्हणता, जरा चक्कर आली, बसलो, उठलो. काका म्हणतात, तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठे डोळे उघडले. आता मी कुणाचं खरं धरू?

नीट ऐका. आतली खोली मी रिकामी केली आहे. खिडकीतून सकाळचा उजेड येतो आणि खिडकीखाली तुमचं शिलाई मशीन बरोबर बसतं, मी टेप लावून पाहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर असलं तरी लिफ्ट चालते. तुमचे जावई तर म्हणतात, बाबांना लवकर आण, माझ्या सगळ्या पँटी लांब झाल्यात. (त्यांचा विनोद असाच असतो, मनावर घेऊ नका.)

चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांना विचारते, ‘आता दिसतं का? आणि आता?’ आणि माझं लक्ष सगळं फोनकडे. तो वाजला की हातातलं काम टाकून धावते. नाही वाजला तर बिघडला का ते बघायला धावते. काल एका बाईंच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्या डोळ्याला लिहून दिला. मालकांनी न ओरडता चिठ्ठी स्वतःच दुरुस्त केली. ते जास्त लागलं.

येता का? हो की नाही, एवढंच लिहा.

तुमची,
ठमी

१३ सप्टेंबर

ठमे,

आशीर्वाद. ‘हो की नाही’ एवढंच लिहायचं असतं तर कागदाचा चिटोरा पुरला असता. मी दोन पानं घेऊन बसलोय, त्यावरून काय ते ओळख.

पलीकडची काकू गेली ते तुला कळवलंच होतं. बिचारी कुणाला त्रास न देता गेली, पण जाताना आम्हाला मोठ्या पेचात टाकून गेली. ती होती तोवर गावात एक्केचाळीस माणसं होती. आता बरोबर चाळीस. आणि वरच्या कचेरीचा नियम असा, की चाळिसाच्या खाली माणसं गेली की त्या गावाची बस बंद. बस बंद म्हणजे बसनं येणारी नर्सबाई बंद, वाण्याचा टपावरून येणारा माल बंद, ही तुझी-माझी पत्रंसुद्धा बंद.

डिसेंबरात मोजणीवाला येतो. दारोदार फिरतो आणि डोळ्यांना दिसेल त्यालाच धरतो. मुलगा बाहेरगावी आहे, पुढच्या महिन्यात येणार आहे, असलं काही त्याच्याकडे चालत नाही. गेल्या खेपेला आम्ही बसच्या ड्रायव्हरला धरायला सांगितलं. रोजचा मुक्काम त्याचा इथेच असतो, सकाळी बस घेऊन जातो, संध्याकाळी आणतो. तर मोजणीवाला म्हणाला, तो झोपतो बसमध्ये आणि बस आहे डेपोची. झालं!

गाव कसं झालंय ते माझ्या कामावरून बघ. तू लहान होतीस तेव्हा लोक कपडे सोडवून घ्यायला यायचे. पोरं वाढायची, बाह्या अपुऱ्या पडायच्या, मी शिवणीत दोन बोटं कापड जास्तच ठेवायचो. आता सगळे येतात ते कपडा आत घ्यायला. कंबर आत घ्या, खांदे आत घ्या, लांबी कमी करा. नवं कापड फाडल्याला किती दिवस झाले, मलाच आठवत नाही.

अशात मी उठून तुझ्याकडे आलो की चाळिसाचे एकोणचाळीस. सुतारकाकूला गुडघ्यांसाठी बसनंच इस्पितळात जावं लागतं, ती कशी जाणार? मला काय, मी आजही बॅग भरेन. माझं इथे काय अडलंय? पण ह्या सगळ्यांना तोंडघशी पाडून कसा येऊ, तूच सांग. मोजणी होऊ दे, मग बघू.

जावयांना सांग, पँटी पाठवून द्या, आखूड करून देतो.

तुझा,
बाबा

२ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

पँटी पाठवणार नाही. पँटी इथेच राहतील, तुम्ही इथे या.

मोजणी होऊ दे म्हणता. मग पुढच्या डिसेंबरात पुन्हा मोजणी आहेच की. चाळीसचा आकडा टिकवायचा मक्ता तुम्हालाच कुणी दिलाय? तिथे वाणीकाका आहेत, सुतारकाका आहेत, त्यांचीही मुलं इथेच नोकऱ्या करतात, तीही बोलावतच असतील. त्यांना विचारा तरी एकदा, की मी गेलो तर चालेल का. तुम्ही विचारणार नाही, मला माहीत आहे. तुम्हाला कुणाकडे टाचणी मागायची झाली तरी जिवावर येतं.

बाबा, मला घरात बसवत नाही हल्ली. गॅस बंद केला का ते बघायला उठते, मग दार लावलं का ते बघायला उठते. आतल्या खोलीत जाऊन उगाच खिडकी उघडते आणि लावते. हे म्हणतात, एक तर बाबांना आण नाही तर खिडकीला तेल घाल.

चक्कर पुन्हा आली का? खरं लिहा.

ठमी

१५ ऑक्टोबर

ठमे,

आशीर्वाद. चक्कर वगैरे काही नाही. परवा मशीनवर डोकं टेकून थोडा वेळ बसलो होतो, पण ते उन्हानं.

इथे त्याहून मोठं संकट येऊन गेलं. सुतारकाका आणि काकूंचं वाजलं. काकूच्या ट्रंकेखाली एक जाड फळी असायची. काकांनी ती काढून कुणाच्या तरी खुर्चीला लावली. काकू म्हणाली, माझ्या वस्तूंना ह्या घरात किंमत नाही, मी चालले बहिणीकडे, ती कायमची. नुसतं म्हणाली असती तर प्रश्न नव्हता. तिनं पिशवी भरली, चपला घातल्या आणि बसची वाट बघत दाराशी उभी राहिली.

बातमी फुटली आणि अर्धं गाव त्यांच्या दारात! वाणी गल्ला तसाच उघडा टाकून धावत आला. ‘काकू, भांडा, हवं तेवढं भांडा, पण मोजणीनंतर!’ ड्रायव्हर म्हणाला, मी त्यांना बसमध्ये घेणारच नाही, माझीच फेरी बंद पडायची. सुतारकाका बिचारा खाली मान घालून म्हणतो, ‘अरे, आमच्या भांडणातही तुम्हाला आकडाच दिसतो का?’ शेवटी त्याच खुर्चीची फळी काढून परत ट्रंकेखाली गेली, मी खुर्चीला कापडाची बैठक शिवून दिली आणि काकूनं चपला काढल्या. चाळीस कायम.

सांगायचा मुद्दा, इथे एकेका माणसाला असं धरून ठेवावं लागतंय. अशात मी कसा हलू?

ड्रायव्हर भला माणूस. सकाळी निघायच्या आधी सुयांत दोरा ओवून ठेवतो, माझं दिवसभराचं काम होतं. तू काळजी करू नकोस. खिडकीला तेल घाल.

बाबा

८ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

सुयांत दोरा ड्रायव्हर ओवतो, हे तुम्ही अशा मुलीला लिहिता जी दिवसभर लोकांचे डोळे तपासते! त्याबद्दल तुम्हाला नंतर झापते. आधी बातमी ऐका. मी उभ्यानंच लिहितेय, बसायला सुचत नाही.

काल वाणीकाकांचा मुलगा चष्मा करायला आला. मी सहज विचारलं, काका काय म्हणतात? तर तो वैतागून म्हणाला, ‘ताई, आमचे बाबा यायला तयारच नाहीत. म्हणतात, मी दुकान बंद केलं तर मास्तर एकटे पडतील, त्यांच्यासाठी थांबलोय.’ मास्तर म्हणजे तुम्ही! मला हसूच आवरेना. त्याच्यासमोरच सुतारकाकूंच्या मुलीला फोन लावला. तिचंही तेच. आई म्हणते, आम्ही दोघं निघालो तर आकडा तुटेल, मास्तरांची आणि वाण्याची बस जाईल, हे पाप आम्ही कुठे फेडू?

कळतंय का बाबा? तुम्ही त्यांच्यासाठी थांबलाय, ते तुमच्यासाठी. इतकी वर्षं शेजारी राहून एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. काय म्हणावं तुम्हा लोकांना!

मी त्या दोघांनाही स्पष्ट सांगितलं, माझे बाबा कधीचे तयार आहेत. तुमचं पत्र पर्समध्येच होतं, त्यातली ओळ वाचून दाखवली: ‘मी आजही बॅग भरेन. माझं इथे काय अडलंय?’ वाणीकाकांचा मुलगा जागच्या जागी उडालाच. रात्रीच बाबांना फोन करतो म्हणाला. बाकीच्यांच्या मुलांनाही तो कळवणार आहे.

आता कुणी कुणाला तोंडघशी पाडत नाही. बॅग भरा! मला कितीतरी दिवसांनी भूक लागली आहे.

तुमची,
ठमी

२६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पत्र का नाही? फोन उचलता, ‘बरंय’ म्हणता आणि ठेवता. मागे मशीनचा आवाज येतो. एवढं कुणाचं शिवताय?

वाणीकाका आलेसुद्धा इथे. मुलानं कामावर मित्रांना चहा पाजला म्हणे. सुतारकाका-काकूही पुढच्या आठवड्यात येणार. सगळे मला विचारतात, मास्तर कधी? मी काय सांगू?

तुम्ही रागावला आहात का? मी तुमचं पत्र वाचून दाखवलं म्हणून? पण त्यात लपवण्यासारखं काय होतं?

ठमी

५ डिसेंबर

ठमे,

आशीर्वाद. रागावलो नाही. हाताला सवड नव्हती. आता आहे.

वाण्याच्या मुलाचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाण्यानं मला दुकानापुढच्या बाकावर बसवलं. सुतारकाका-काकू होते, आणखीही बरेच जण जमले होते. वाणी म्हणाला, ‘मास्तर, तू जायला तयार आहेस म्हणे? लेकीला तसं लिहिलंयस म्हणे? आमच्यामुळे अडलायस म्हणे?’ सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणावं तर तू खोटी पडतेस, माझ्या हातचं पत्र खोटं पडतं. मी म्हणालो, ‘तसं माझं काही अडत नाही.’ वाण्यानं मांडीवर थाप मारली. ‘अरे, मग मी तरी कुणासाठी थांबलोय? तुझ्यासाठीच की!’ सुतार म्हणाला, आम्हीपण. मग एकेक जण बोलायला लागला आणि सगळे हसत सुटले. इतकं हसू ह्या गावानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. सुतारकाकू तर डोळे पुसत होती. मला वाटलं, हसूनच.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रांग. जुन्या चादरी, पडदे, पोत्याची कापडं घेऊन सगळे आले. मास्तर, ह्याची पिशवी करा, ह्याची खोळ करा, सुतारकामाच्या हत्यारांना जाड थैली करा. कितीतरी वर्षांनी माझं मशीन दिवसभर चाललं. बायकांना बंदही लावून हवे होते, म्हणजे टेंपोत तोंड सुटायला नको. तू फोनवर आवाज ऐकलास तो हाच. अख्खं गाव मीच पिशव्यांत भरून दिलं.

परवा मोजणीवाला आला. निम्म्या दारांना कुलपं. बाकावर बसून त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, ‘यंदा लवकर आटपलं.’ महिनाअखेरीला बस बंद होणार. उरलेत त्यांचीही मुलं तोवर टेंपो घेऊन येतायत.

आता खरं लिहितो. ठमे, मला यायचं नव्हतं. चाळिसाच्या आकड्याचं मला काही पडलेलं नव्हतं असं नाही, पण ते कारण नव्हतं. सकाळी मी दुकानाची फळी उघडतो तेव्हा रस्त्यानं कोण येतंय ते मला तोंड दिसायच्या आधी खांद्यांवरून कळतं, कारण ते खांदे मी मापलेले असतात. सुताराचा डावा खांदा उतरता आहे, वाण्याची मान पुढे आहे. तुझ्या लिफ्टमधून उतरणाऱ्या एकाचंही माप मला ठाऊक नाही. तिथे मी दिवसभर काय ओळखायचं? पण तुला सरळ ‘नाही’ म्हटलं असतं तर तू रडली असतीस. आकडा हाताशी होता, तो पुढे केला. माणूस चांगला दिसतो अशानं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. बापानं लिहिलेलं तू खरं मानलंस, एवढंच केलंस.

बाबा

१७ डिसेंबर

बाबा,

तुमचं पत्र घेऊन मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. यांनी दोनदा हाक मारली, तर ओरडले त्यांच्यावर. मग त्यांनाच पत्र वाचायला दिलं. ते चहा करून घेऊन आले आणि माझ्याशेजारी बसले.

मी केवढं काय करून बसले. तुम्ही म्हणता लावून घेऊ नकोस. कसं लावून घेऊ नको? तुम्ही आत्ता तिथे रिकाम्या रस्त्याकडे बघत बसला असाल. चक्कर आली तर समोर पाणी मारायलाही कुणी नाही. हे माझ्यामुळे झालं.

आणि बाबा, अजून एक गोष्ट आहे. लिहू की नको, असं करत दोन दिवस घालवले.

परवा वाणीकाका डोळे तपासायला आले. मुलगा बाहेर फ्रेम बघत होता, आत आम्ही दोघंच. मी अक्षरांचा तक्ता लावला, म्हटलं, वाचा. काकांनी तक्त्याकडे पाहून मान फिरवली. म्हटलं, दिसत नाही का? म्हणाले, ‘दिसतंय ग सगळं. वाचायचा कंटाळा आलाय.’ मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, ‘पोरी, तुझ्या बापाला सांगू नकोस. मला यायचं नव्हतं. पोरगा सारखा मागे लागायचा, म्हणून मास्तरचं नाव पुढे केलं होतं, की मास्तरसाठी थांबलोय. पण मास्तरच निघायला तयार म्हटल्यावर मी त्याला कोणत्या तोंडानं अडवू? म्हटलं, आपल्यापायी त्याची मुलगी तिकडे झुरायला नको.’ एवढं बोलून त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली.

‘मला यायचं नव्हतं’ म्हणणारं तुमचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्येच होतं, बाबा. काउंटरखाली, हातभर अंतरावर.

सुतारकाकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, छान आहे इथे, सगळं जवळ आहे. सामान मात्र अजून तुमच्या पिशव्यांतच आहे, बंदसुद्धा सोडलेले नाहीत. मला पुढे काही विचारायचा धीर झाला नाही.

मागच्या वेळी मी तुम्हाला न विचारता सगळ्यांना सांगून टाकलं. ह्या वेळी आधी विचारते. सांगू का त्यांना? ते सगळे परत गावी जातील का? मी रजा काढते, दुकान झाडून देते, कचेरीत जाऊन भांडते, मोजणी पुन्हा करायला लावते. काहीही करते. फक्त खरं काय ते लिहा. माझ्यासाठी म्हणून काही लिहू नका.

ठमी

२३ डिसेंबर

ठमे,

आशीर्वाद. तुझं पत्र ड्रायव्हरनं हातात दिलं, तेव्हा मी वाण्याच्या बाकावरच बसलो होतो. वाचलं आणि मोठ्यानं हसलो. ड्रायव्हर घाबरला. त्याला वाटलं पुन्हा चक्कर. मग हसता हसता जे झालं, ते बघून तो गाडीत जाऊन बसला.

म्हणजे इथे सगळ्यांनाच राहायचं होतं. एकमेकांची नावं पुढे करून आम्ही मुलांना टोलवत होतो, आणि एकमेकांची सोय बघायला म्हणून उठून गेलो. त्या संध्याकाळी त्या बाकावर एकानं जरी म्हटलं असतं की मला नाही जायचं! पण आमच्यात स्वतःसाठी काही मागायची रीतच नाही. टाचणीचं तू लिहिलं होतंस, ते खरं आहे.

तू विचारतेस, सांगू का. नको. वाण्याचा माल गेला, फळ्या गेल्या, मुलानं त्याच्यासाठी घरात भिंत पाडून जागा केली. सुतारानं हत्यारं थैल्यांसकट विकली, ते मला ड्रायव्हर म्हणाला. परत येऊन करणार काय? कचेरी मोजणी पुन्हा करत नाही. आता वाण्याला कळलं की मलाही यायचं नव्हतं, तर तो मुलाचं तोंड बघणार नाही, आणि तुझंही. आज त्याला वाटतंय की मास्तरची अडचण आपण दूर केली, आपण जागा सोडली म्हणून मास्तर लेकीकडे सुखानं जाईल. तेवढं एक त्याच्यापाशी आहे. ते काढून घेऊन त्याला मी काय देणार?

खरं लिही म्हणालीस. मला अजूनही यायचं नाही. पण इथे ज्यांच्यासाठी राहायचं होतं ते सगळे तुझ्या शहरात आहेत, आणि गेल्या आठवड्यात मला आणखी एकदा चक्कर आली. तेव्हा येतो. हे कुणाच्या सोयीसाठी लिहिलेलं नाही.

शनिवारच्या बसनं निघतो. ड्रायव्हर मशीन टपावर बांधून देणार आहे. स्टँडवर वाण्याला बरोबर आण. मी उतरलो की मोठ्यानं म्हणेन, ‘सुटलो बुवा एकदाचा!’ तो माझ्या पाठीत थाप मारून म्हणेल, ‘मी नाही तर काय!’ मग आम्ही दोघं हसू. तेव्हा तूही हस. अगदीच जमलं नाही, तर सामान उतरवायला लाग, पण त्याच्यासमोर रडू नकोस.

तुझा,
बाबा